हप्ते शिल्लक असलेली जुनी गाडी : पैसे कोणाच्या हाती द्यावेत?

वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी चिंचवडला राहतो. आमच्याच भागातील एका गृहस्थांची सहा वर्षे वापरलेली, एमएच १४ क्रमांकाची पेट्रोल गाडी ४,२५,००० रुपयांना घेण्याचे जवळजवळ ठरले आहे. आरसीवर एका बँकेचा बोजा दिसतो. मालकांचे म्हणणे असे की १२,५०० रुपयांचे आठच हप्ते राहिले आहेत. मी दीड लाख रुपये आता रोख द्यावेत, त्यातून ते कर्ज फेडतील, पंधरा दिवसांत बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणून देतील आणि उरलेली रक्कम मी तेव्हा द्यावी. गाडी मात्र आजच न्यावी, असे ते म्हणतात, आणि सह्या केलेले टीओचे (मालकी हस्तांतराचे) फॉर्मही आजच द्यायला तयार आहेत. मध्यस्थी करणारा एजंट सांगतो की सगळे असेच करतात. गृहस्थ सभ्य आहेत. हा व्यवहार करावा का?

उत्तर : गाडी जरूर घ्यावी, परंतु आपण वर्णन केलेल्या पद्धतीने पैसे देऊ नयेत. गृहस्थांच्या सभ्यतेविषयी मला शंका घ्यायची नाही. त्यांनी दीड लाख रुपये खरोखरच कर्ज फेडण्याच्या हेतूने घेतले, आणि त्याच आठवड्यात घरात आजारपण निघाले किंवा दुसऱ्या देणेकऱ्याने तगादा लावला, तर त्या रकमेचे काय होईल, एवढाच विचार आपण करायचा आहे.

कर्जाचा बोजा असलेली गाडी विकायला काढणे मुळात गैर नाही. अशा असंख्य गाड्या रोज विकल्या जातात. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रात ज्या वित्तसंस्थेचे नाव आहे तिच्या लेखी संमतीवाचून मालकी हस्तांतराची नोंद करता येत नाही. त्यामुळे आज आपल्याला मिळणारे, सह्या केलेले नमुना २९ आणि नमुना ३० हे कागद, बँकेची संमती येईपर्यंत आरटीओमध्ये उपयोगाचे नाहीत. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जी खरेदीदाराला सहसा कोणी सांगत नाही. कर्जदाराने हप्ते थकवले, बँकेने गाडी ताब्यात घेतली आणि मालक आरसी देण्यास नकार देत असेल किंवा सापडत नसेल, तर नोंदणी प्राधिकारी त्याला म्हणणे मांडण्याची संधी देऊन बँकेच्या नावाने नवी आरसी देऊ शकतो. अशा वेळी ज्याने गाडीची पूर्ण किंमत मोजली आहे, त्याच्या हाती विकणाऱ्याविरुद्ध पैसे वसूल करण्याचा दावा तेवढा उरतो.

'मी प्रामाणिकपणे पैसे मोजून घेतली' हा बचावही येथे चालत नाही. वस्तुविक्री अधिनियम, १९३० चे मूलभूत तत्त्व असे आहे की विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क आहे, त्याहून अधिक हक्क सामान्यतः विकत घेणाऱ्याला मिळत नाही. शिवाय बोजा आरसीवर उघड नोंदलेला आहे, म्हणजे तो आपल्याला ठाऊक होता असेच धरले जाईल.

आता रकमेकडे वळू. आठ हप्ते म्हणजे एक लाख रुपये, हा हिशेब तोंडी ठीक आहे, परंतु बँकेचे देणे तसे मोजले जात नाही. मुदतीपूर्वी कर्ज फेडले तर पुढच्या महिन्यांचे व्याज वजा होते; उलट मुदतपूर्व फेडीचे शुल्क आणि त्यावरील जीएसटी वाढतो, मागे एखादा हप्ता परत गेला असेल तर त्याचा दंड चढतो, आणि राहिलेले हप्ते आठ आहेत की अकरा, हे तर बँकेच्या खात्यातूनच कळते. म्हणून पहिला कागद हवा तो बँकेच्या फोरक्लोजर पत्राचा, ज्यात कर्ज खात्याचा क्रमांक, पूर्ण फेडीची नेमकी रक्कम आणि ती कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, हे लिहिलेले असते. दुसऱ्याच्या कर्जाची माहिती बँक आपल्याला देणार नाही, त्यामुळे अर्ज मालकांनाच करावा लागेल. आपण त्यांच्यासोबत शाखेत जावे. वित्तसंस्थेची शाखा जवळ नसेल तर त्यांनी आपल्यासमोर त्यांच्या मोबाइलवरील अॅपमध्ये शिरून खाते दाखवावे. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नये, कारण तिच्यातील आकडे बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

याच भेटीत एक प्रश्न शाखेला लेखी विचारून घ्यावा, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे : ही रक्कम भरल्यावर या गाडीची एनओसी मिळेल ना, की अन्य कोणत्या कर्जासाठी ती अडवली जाईल? अनेक कर्ज करारांत असे कलम असते की त्याच ग्राहकाकडे दुसरे काही येणे असेल, म्हणजे गाडीवरचे टॉप-अप कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा कोणाला जामीन राहिल्यामुळे आलेली जबाबदारी, तर तेही फिटेपर्यंत बँक तारण सोडत नाही. गाडीचे कर्ज शेवटच्या रुपयापर्यंत फिटले आणि तरी एनओसी हाती आली नाही, असे खरेदीदार भेटतात, आणि त्यातील बहुतेकांच्या बाबतीत ही गोष्ट आधी विचारलेलीच नसते.

हे समजल्यावर रकमेचे भाग करावेत. समजा, पत्रात १,०६,००० रुपये आले, तर तेवढी रक्कम आपल्या बँक खात्यातून थेट त्या कर्ज खात्यात भरावी किंवा बँकेच्या नावे डिमांड ड्राफ्ट काढून त्यावर कर्ज खात्याचा क्रमांक लिहून द्यावा. विक्रेत्याच्या बचत खात्यातही ती जाऊ देऊ नये. उरलेले ३,१९,००० रुपये बोजा उतरून मालकी हस्तांतराचा अर्ज दाखल होईल त्या दिवसासाठी राखून ठेवावेत. येथे मालक म्हणतील की मग सगळी खात्री तुमचीच झाली, माझी काय? त्यांचे कर्ज फिटते आहे, गाडी अजून त्यांच्या दारात आहे आणि ती त्यांच्याच नावावर आहे. खरी जोखीम या टप्प्यावर आपली आहे, कारण कर्ज फिटल्यावर ते विक्रीला नकार देऊ शकतात. म्हणून पैसे भरण्याआधी मुद्रांकावर करारनामा करावा. त्यात गाडीचा नोंदणी, इंजिन आणि चॅसिस क्रमांक, ठरलेली किंमत, कर्ज खात्यात आपण भरत असलेली रक्कम हा किमतीचाच भाग असल्याचा उल्लेख, हस्तांतराची मुदत आणि व्यवहार मोडल्यास ती रक्कम किती दिवसांत परत करायची, हे स्पष्ट असावे, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. जुनी गाडी कर्ज काढून घेणाऱ्याला एवढी उस्तवार करावी लागत नाही, कारण त्याची बँक स्वतःचे पैसे वाचवण्यासाठी जुन्या बँकेला परस्पर रक्कम देते; रोकड मोजणारा खरेदीदार मात्र हीच काळजी घ्यायला संकोचतो.

रोखीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. एकाच व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि त्याचा दंड स्वीकारणाऱ्यावर बसतो. मालकांना हे सांगितले की चेक किंवा ऑनलाइन भरण्यास त्यांची हरकत बहुधा उरत नाही.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून दोन कागद मिळतात : ना हरकत पत्र आणि नमुना ३५, म्हणजे कर्ज करार संपल्याची आरटीओसाठीची सूचना. नमुना ३५ वर बँक आणि नोंदणीकृत मालक या दोघांच्या सह्या लागतात. पत्रावरील इंजिन आणि चॅसिस क्रमांक गाडीशी ताडून पाहावेत. हे काम टाळले जाते, कारण बोनेट उघडून खाली वाकावे लागते. अनेक बँकांच्या पत्रावर मुदत छापलेली असते, ती उलटली तर नवे पत्र आणावे लागते. एनओसीला किती दिवस लागतात, याविषयी रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२३ चे निर्देश वाचकांना उपयोगी पडतील. १ डिसेंबर २०२३ पासून, वैयक्तिक कर्ज (यात गाडीचे कर्जही येते) पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत देणे आणि नोंदवलेला बोजा हटवणे वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे, आणि त्यांच्यामुळे विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. ही भरपाई मागण्याचा हक्क आपला नसून मालकांचा आहे, तेव्हा त्यांना याची आठवण करून द्यावी.

त्यानंतर परिवहन संकेतस्थळावरून बोजा उतरवण्याचा अर्ज करायचा. त्याच वेळी हस्तांतराचाही करता येतो. मी मात्र पैसे हातात राखून बोजा आधी उतरवून घेण्याच्या मताचा आहे. आरसीच्या कार्डावर काय छापले आहे, याला येथे फारसा अर्थ नाही, कारण कार्ड हे ज्या दिवशी छापले त्या दिवसाचे चित्र असते. परिवहन खात्याच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत फायनान्सरचा रकाना कोरा झालेला आपण स्वतः, आपल्या मोबाइलवर, पाहावा. प्रलंबित ई-चलनेही तेथेच पाहून विक्रेत्याकडून भरून घ्यावीत.

राहिला प्रश्न गाडी आजच ताब्यात घेण्याचा. ती घेऊ नये. गाडी हस्तांतरित झाल्यावर तृतीय पक्षाच्या विम्याचे संरक्षण कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप जात नाही. त्यासाठी १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आरसी एकाच्या नावावर, पॉलिसीही त्याच्याच नावावर आणि गाडी चालवणारा खरेदीदार, अशा स्थितीत अपघात झाला तर दुरुस्तीचा दावा नामंजूर होण्याची दाट शक्यता असते. हे मालकांच्याही हिताचे नाही. गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी, आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी मालक समजला जातो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. हा मुद्दा सांगितल्यावर पंधरा दिवस थांबण्यास मालक बहुधा स्वतःहून राजी होतील.

एजंटाचे 'सगळे असेच करतात' हे वाक्य खोटे नाही. परंतु त्याचे कमिशन टोकन दिल्यावर मिळते आणि एनओसीची अडचण त्यानंतर उभी राहते, हेही लक्षात असू द्यावे.

प्रश्न : मी नाशिकचा. गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून मी गाडी घेतली. तेव्हा ऑनलाइन पाहिले असता बोजा नव्हता आणि आरसीही माझ्या नावावर रीतसर झाली. आता एका फायनान्स कंपनीचा माणूस दारात येऊन सांगतो की आधीच्या मालकाने याच गाडीवर कर्ज घेतले होते, ते थकले आहे आणि गाडी ओढून नेणार. असे होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते, आणि त्याची साधारण दोन कारणे असतात. एक तर आधीच्या मालकाने बनावट एनओसी आणि नमुना ३५ दाखल करून बोजा उतरवून घेतला असेल. किंवा कंपनीने गाडीवर कर्ज दिले, पण आरटीओकडे आपला बोजा नोंदवण्याची तसदीच घेतली नसेल. दोन्हींत आपली बाजू पहिल्या प्रश्नातील वाचकांपेक्षा बरीच बळकट आहे. ज्या बोजाची सरकारी दप्तरात नोंदच नव्हती, त्याची खबर आपल्याला असण्याचे कारण नव्हते, आणि नोंद ठेवण्याची काळजी घेणे हे कंपनीचे काम होते. तरी शेवटचा निकाल कागदांवर ठरेल, म्हणून आत्ताच वकिलांना दाखवावेत.

तोपर्यंत गाडी कोणाच्याही हवाली करू नये आणि दारातल्या दारात कोणत्याही कागदावर सही करू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वसुलीसाठी येणाऱ्याजवळ कंपनीचे अधिकारपत्र, नोटिशीची प्रत आणि ओळखपत्र असले पाहिजे. सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर फोन करून तगादा लावण्यास मनाई आहे. वसुलीसाठी बळाचा वापर करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावले आहे. आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहून नाव टिपून घ्यावे. मग कंपनीला नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवून कर्ज कराराची प्रत, कर्जाची तारीख, बोजा आरटीओत नोंदवल्याचा पुरावा आणि तो उतरवण्यास कंपनीने संमती दिली होती का, याचे उत्तर मागावे. आरटीओकडूनही बोजा कोणत्या तारखेला, कोणत्या कागदांच्या आधारे उतरला, याची माहिती अर्ज करून मिळवावी. या दोन उत्तरांतील तारखा समोरासमोर ठेवल्या की फसवणूक कोणत्या टप्प्यावर झाली, हे बहुधा दिसून येते. कागद बनावट निघाले तर पोलिसांत तक्रार द्यावी. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ लागते. रस्त्यात कोणी गाडी बळाने अडवली तर ११२ क्रमांकावर फोन करावा आणि गाडीतून उतरू नये.

विक्रेत्यालाही मोकळे सोडू नये. विकलेल्या वस्तूवर खरेदीदाराला न सांगितलेला तिसऱ्याचा बोजा नाही, अशी हमी वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम १४ मध्ये गृहीत धरलेली आहे, मग बिलावर ती लिहिलेली असो वा नसो. 'गाडी जशी आहे तशी' असे छापलेल्या बिलाला घाबरण्याचे कारण नाही; त्या छापील ओळीचा रोख गाडीच्या यांत्रिक स्थितीवर असतो. व्यवसाय म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतची तक्रार जिल्हा आयोगात चालते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आपण राहता त्या जिल्ह्यातच ती दाखल करता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना आरटीओचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी त्यांच्या ताब्यात आल्याची सूचना नमुना २९सी मध्ये द्यावी लागते. आपल्या विक्रेत्याने हे केले होते का, हे तक्रारीत जरूर विचारावे.

प्रश्न : माझ्या गाडीचे कर्ज २०१६ मध्ये फिटले, पण आरसीवर देना बँकेचे नाव तसेच राहिले. आता गाडी विकायची तर ती बँकच अस्तित्वात नाही. काय करावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. कर्ज खात्याचा जुना क्रमांक, शेवटच्या हप्त्याचा उतारा आणि आरसीची प्रत घेऊन तेथील शाखेत जावे. जुनी एनओसी घरात सापडली तरी नवी घेतलेली बरी. सिंडिकेट बँकेचे नाव असेल तर कॅनरा, आंध्र किंवा कॉर्पोरेशन बँक असेल तर युनियन बँक, ओरिएंटल किंवा युनायटेड बँक असेल तर पंजाब नॅशनल, अलाहाबाद बँक असेल तर इंडियन बँक. ही विलीनीकरणे १ एप्रिल २०२० ची आहेत. परवाना रद्द झालेल्या सहकारी बँकांच्या बाबतीत, उदाहरणार्थ पुण्याच्या रुपी बँकेच्या, अवसायकांकडे (बँक गुंडाळण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे) अर्ज करावा लागतो. अशी गाडी घेणाऱ्यांनी विनाकारण बिचकू नये, कारण आरसीवर बँकेचे नाव असणे म्हणजे कर्ज थकलेलेच असते असे नाही. परंतु बोजा उतरवण्याचे काम 'नंतर करू' म्हणून स्वतःवर घेऊही नये, कारण नव्या पत्रासाठी अर्ज जुन्या कर्जदारालाच करावा लागतो आणि पैसे मिळाल्यावर त्याचा उत्साह ओसरतो.

प्रश्न : शेजारच्या काकांचे दोन महिन्यांपूर्वी निधन झाले. त्यांची गाडी काकू मला देऊ इच्छितात. थोडे कर्ज बाकी आहे. काकांनी हयातीत सही करून ठेवलेला नमुना २९ घरात आहे. त्यावर आजची तारीख घालून काम होईल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तसे करू नये; मृत व्यक्तीच्या सहीवर नंतरची तारीख घातलेला कागद पुढे आपल्यालाच गोत्यात आणील. गाडी आधी वारसाच्या नावावर झाली पाहिजे. त्यासाठी नमुना ३१ असून, निधनापासून ३० दिवसांत आरटीओला कळवणे आणि तीन महिन्यांत अर्ज करणे अपेक्षित आहे. म्हणजे कळवण्याची मुदत उलटली असली तरी अर्जासाठी काकूंच्या हाती अजून एक महिना आहे. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती आणि कर्ज असल्यामुळे वित्तसंस्थेचे पत्र सोबत लागेल. त्या वित्तसंस्थेकडे काकूंसोबत जाल तेव्हा कर्ज देताना काकांचा कर्ज-सुरक्षा विमा उतरवला होता का, हे जरूर विचारावे. अनेक कर्जांबरोबर तो घेतलेला असतो, त्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतच मिळवलेला असतो आणि घरच्यांना त्याची कल्पनाही नसते. विमा असल्यास उरलेले कर्ज विमा कंपनी फेडेल, आणि मग आपण ठरवलेली संपूर्ण किंमत काकूंनाच मिळाली पाहिजे.